चिऊला ट्रॅम्पोलिन हवंय

घरात सध्या एकच विषय चालू आहे. जेवताना, वेणी घालून घेताना, शाळेची रिक्षा यायच्या आधी गेटजवळ उभी राहून चिऊ विचारते, "पप्पा, ठरलं का?" दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला मामाच्या सोसायटीत ती ट्रॅम्पोलिनवर खेळली, म्हणजे लोखंडी कड्याला स्प्रिंगांनी ताणून बसवलेल्या कापडावर उड्या मारायचं, भोवती जाळी असलेलं साधन. तेव्हापासून आपल्या अंगणातही तसंच हवं, असा तिने धोशा लावलाय. चिऊ नऊ वर्षांची, तिच्या पाठचा दादू चार वर्षांचा. आम्ही अमळनेरला राहतो. माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याचे शेड अशी कामं. घरात आई, नाना, मी, मनीषा आणि ही दोन पोरं.

ज्यांना विचारलं त्यातले निम्मे म्हणाले, "घेऊन टाक, पोरं मोबाइल तरी सोडतील." बाकीचे म्हणाले, "पोरांचे हातपाय मोडून घ्यायचेत का?" दोन्हीकडच्यांनी उत्तर पटकन दिलं. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं, कारण पोरगी जे मागतेय ते काही उगाच नाही, आणि ते मला नाशिकलाच दिसलं होतं.

चिऊ तशी बुजरी आहे. गॅदरिंगला मागच्या रांगेत उभी राहणारी. त्या दिवशी पहिल्या काही उड्या तिने जाळीला धरूनच मारल्या. मग हात सोडले. गुडघे कधी वाकवायचे आणि कधी ताणायचे हे तिच्या पायांना आपोआप समजलं आणि ती वर जायला लागली. दोन्ही वेण्या डोक्याच्याही वर उडत होत्या. तोंड घट्ट मिटलेलं, नजर समोर. माझ्या दुकानात नवा पोरगा पहिल्यांदा सरळ वेल्डिंग मारतो तेव्हा त्याचा चेहरा असा दिसतो. खाली उतरली तेव्हा घामाने चिंब होती आणि मामीशी, जिच्याशी ती कधी दोन वाक्यंही बोलत नाही, तिच्याशी घडाघडा बोलत होती. असं काही आपल्या घरात रोज व्हावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही?

म्हणून मी मनापासून शोधाशोध केली. हे साधन आलं कुठून तेही वाचलं. अमेरिकेत आयोवा राज्यात जॉर्ज निसेन नावाचा एक जिम्नॅस्ट होता. सर्कशीतले झुलेवाले शेवटी खालच्या जाळीत उडी टाकतात आणि जाळी त्यांना परत वर फेकते, हे त्याने पोरवयात पाहिलं आणि घरच्या गॅरेजमध्ये लोखंड आणि कॅनव्हास जोडून पहिला प्रयोग केला. पुढे १९३०च्या दशकात प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्डच्या सोबतीने त्याने आजच्यासारखं ट्रॅम्पोलिन तयार केलं. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. गॅरेजमध्ये लोखंड जोडणारा माणूस म्हटल्यावर मला तो आपल्यातलाच वाटला.

मी आधी लोखंडच बघितलं, सवयीने. तीस-पस्तीस हजारांच्या घरातली काही मॉडेल काढली आणि प्रत्येकाच्या पाइपाची जाडी विचारली. विकणारे व्यास सांगतात, "दोन इंची पाइप आहे साहेब," पण पाइपाची ताकद त्याच्या भिंतीत असते. सव्वा एमएम भिंत आणि दोन एमएम भिंत यांत फार फरक पडतो. दुसरी गोष्ट जोडांची. जीआय, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेल्या पाइपवर वेल्डिंग मारलं की त्या जागचं झिंक जळून जातं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. वरून चंदेरी रंग मारला की नवीन असताना काही दिसत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गेटांपैकी बहुतेक जोडापाशीच सडलेली असतात. त्यामुळे कोणी ट्रॅम्पोलिन घेणार असेल तर पाय जिथे वरच्या कड्याला जोडलाय, ती जागा हात फिरवून बघा.

दुकानातली पोरं म्हणाली, "भाऊ, आपणच बनवू की." फ्रेम बनवली असती, कंपनीपेक्षा भक्कम बनवली असती. पण ज्या कापडावर पोर उडणार, त्याच्या काठाला स्प्रिंगा अडकवायच्या कड्या शिवलेल्या असतात आणि सगळा ताण त्या शिलाईवर येतो. ती शिलाई चांगली की वाईट हे मला पारखता येत नाही. जे पारखता येत नाही ते मी दुसऱ्याच्या पोरांसाठी बनवत नाही, मग स्वतःच्या पोरांसाठी कसं बनवू? युरोपात घरगुती ट्रॅम्पोलिनसाठी ईएन ७१-१४ नावाचं मानक आहे. त्यात फ्रेमची मजबुती, जाळी, बोटं-डोकी अडकतील अशा फटी, सगळं तपासतात. घ्यायचं तर ते मानक पाळलेलंच, असं मी ठरवलं.

मग अंगणात गेलो टेप घेऊन. दहा फुटी ट्रॅम्पोलिन म्हणजे साधारण तीन मीटर. चारी बाजूंनी निदान दोन मीटर मोकळं हवं, म्हणजे झाले सात मीटर, तेवीस फूट. आमचं अंगण तीस बाय चोवीस. मोटारसायकलचा शेड हलवला तर कसंबसं बसतं. पण वरही बघावं लागतं. डोक्यावर पाच मीटर तरी मोकळं आकाश पाहिजे. आमच्या अंगणावरून खांबापासून घरापर्यंत विजेची सर्व्हिस वायर गेलीय, बरोबर मधून. आपल्याकडच्या किती अंगणांवरून अशी वायर जाते आठवून बघा. ती हलवल्याशिवाय खाली उडी मारायचं काही ठेवायचंच नाही, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

आणि खाली आपली काळी माती. या मातीशी माझा रोजचा झगडा आहे. गेटचा खांब बसवायचा तर आम्ही काळी माती फोडून मुरमापर्यंत जातो, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वरवर बसवलेला खांब दोन वर्षांत कलतो, गेट घासायला लागतं, मग गिऱ्हाईक मला फोन करतं. ट्रॅम्पोलिनचे पाय तर नुसते जमिनीवर टेकलेले. पहिल्या पावसात एक पाय दोन बोटं खचेल, दुसरा खचणार नाही, आणि कापड एका बाजूला झुकेल. झुकलेल्या कापडावर सरळ मारलेली उडीही पोराला कडेला नेते.

त्यात वारा. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे जी वादळं येतात त्यांनी रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा एका संध्याकाळी आडव्या होतात. पत्र्याचे शेड उडालेले मी दरवर्षी बघतो, परत बसवायलाही मीच जातो. ट्रॅम्पोलिनला उंच जाळी असते, वारा तिच्यात भरतो आणि सगळा सांगाडा उचलला जातो. कंपन्या जमिनीत ठोकायचे अँकर देतात. मी अंगणातल्या एका भेगेत बारा एमएमची सळई सोडून बघितली. होळीसुद्धा अजून व्हायची आहे, तरी सळई जोर न लावता दीड फूट आत गेली. मेमध्ये तर विचारूच नका. म्हणजे ज्या महिन्यात वारा सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात अँकरभोवतीची माती सगळ्यात सैल. हे परदेशातल्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नसतं, कारण त्यांच्याकडे हिरवळ असते. कोणी म्हणेल, खड्डा करून जमिनीच्या पातळीवर बसवा. काळ्या मातीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात डबकं. पाणी जिरणारच नाही, डासांची पैदास होईल, आणि कापडाखाली अंधारात काय येऊन बसेल ते खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

यावर माझ्यापुरता तोडगा आहे. पायांच्या जागी मुरमापर्यंत खोदून काँक्रीटचे छोटे पेडेस्टल, म्हणजे ठोकळे, भरायचे, त्यात बोल्ट सोडायचे, पाय त्यावर कसायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीच जाळी उतरवून ठेवायची, वादळाचे दिवस गेले की परत लावायची. काँक्रीटचा भाग कापडाच्या परिघाच्या आत ठेवायचा आणि जमिनीशी सपाट, वर आला की तोच पोराला लागायचा. माझा एका दिवसाचा खेळ आहे हा.

उन्हाचंही तसंच. कापड आणि जाळी प्लॅस्टिकच्या धाग्यांची असते, ऊन ते धागे हळूहळू खातं. शेडनेट वापरणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो तेव्हा दुपारी त्या काळ्या कापडावर अनवाणी पाय ठेवणं शक्य नाही, स्प्रिंगांना हात लावणं तर त्याहून नाही. म्हणजे आपल्याकडे खरा खेळ दिवाळी ते होळी, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. स्प्रिंगांवरचं गादीसारखं कव्हर दोन-तीन वर्षांनी बदलावं लागेल असं धरून चालायचं. तोही खर्चच आहे.

इथपर्यंत मी घ्यायच्या बाजूने होतो. मनीषालाही तसं सांगून टाकलं होतं.

मग एक मॉडेल जवळजवळ ठरवलं आणि विकणाऱ्याला फोन केला. म्हटलं, माझ्या घरी दोन मुलं आहेत, सुट्टीत बहिणींची येतात. तो म्हणाला, "काही काळजी करू नका साहेब, लोड कपॅसिटी दीडशे किलो आहे. चार पोरं आरामात उडतील." त्याच्या जाहिरातीतही चार पोरं एकत्र उडताना दाखवली होती. मी माहितीपत्रक मोठं करून वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात इशारा होता: एका वेळी एकानेच वापरावे, एकमेकांवर आदळण्याचा धोका. फोटोत चार आणि इशाऱ्यात एक.

मला लोडचं गणित कळतं. जिना बनवतो तेव्हा किती माणसं एकदम चढतील याचा हिशोब मी करतोच. पण दीडशे किलो ही लोखंडाची ताकद झाली. लोखंड मोडणार नाही एवढंच तो आकडा सांगतो. त्यावर उडणाऱ्या पोराच्या हाडाबद्दल तो काहीच सांगत नाही. फोटोतली चार पोरं मिळून दीडशे किलोच्या आतच असतील, आणि तरीही इशारा एकाचाच आहे. का, ते मला समजून घ्यायचं होतं.

त्याच सुमारास धुळ्याला एका हाडांच्या डॉक्टरांच्या बंगल्याचं सरकतं गेट बसवायला गेलो होतो. काम झाल्यावर चहा आला तेव्हा मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, बसा जरा," आणि त्यांनी चिठ्ठीच्या पॅडवर पेनने एक पाय काढला. गुडघा, त्याच्या खाली नडगीचं हाड. गुडघ्याच्या जरा खाली एक आडवी रेघ मारली. म्हणाले, "लहान पोर मोठ्या पोरासोबत उडतं तेव्हा हे हाड इथे मोडतं. पडायचीसुद्धा गरज नसते." मोठं, जड पोर खाली आलं की कापड खोल ताणलं जातं. ते कापड जोरात वर येत असतानाच लहान पोर खाली येत असेल, तर त्याच्या पायाला मऊ कापड भेटतच नाही, उलट खालून टोला बसतो. आपण बाजेवर धपकन बसलो की शेजारी झोपलेलं पोर कसं उडतं, तसंच हे, फक्त कितीतरी जास्त जोराने. पोराचं वजन पंधरा किलो आणि जोर मात्र चाळीस किलोच्या पोराचा, तो सगळा नडगीत जातो. डॉक्टर म्हणाले, कित्येकदा पहिल्या एक्स-रेत रेघ इतकी पुसट असते की पटकन दिसत नाही, पोर फक्त पाय टेकवत नाही आणि रडतं. प्लॅस्टरने बहुतेक वेळा नीट जुळतं. "पण मान नाही जुळत," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. कोलांटी मारताना डोक्यावर किंवा मानेवर पडणं हे त्यांच्या मते सगळ्यात वाईट, आणि हे जाळीच्या आत, मऊ कापडावरही होतं.

तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

मग घरी येऊन मी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं वाचलं. त्यांनी १९७७ सालीच शाळांतून ट्रॅम्पोलिन काढायला सांगितलं होतं. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये त्यांनी घरगुती ट्रॅम्पोलिन नकोच, असं म्हटलं. २००९ या एका वर्षात त्या देशात सुमारे ९८,००० जणांना यावर दुखापत झाली. त्यातले आकडे मी चिऊच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले, कारण एकेक आकडा माझ्याच घराबद्दल बोलत होता. साधारण ७५ टक्के दुखापती एकापेक्षा जास्त जण एकदम उड्या मारत असताना होतात. त्यात सगळ्यात लहान पोराला इजा होण्याची शक्यता सोबतच्या जड पोराच्या १४ पटींपर्यंत असते. पाच वर्षांपर्यंतच्या जखमी मुलांमध्ये ४८ टक्क्यांचं हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला होता, मोठ्या मुलांत हेच प्रमाण २९ टक्के. ट्रॅम्पोलिनवरून खाली पडून झालेल्या दुखापती २७ ते ३९ टक्के. म्हणजे मी ज्या जाळीच्या भरवशावर होतो ती बाहेर पडण्यापासून वाचवते, आणि निम्म्याहून जास्त दुखापती आतच होतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ट्रॅम्पोलिन नकोच, हे तर तिथल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही म्हटलंय.

ऑलिंपिकमध्येही एका ट्रॅम्पोलिनवर एकच खेळाडू असतो. स्पर्धांमध्ये जोडीने करायचा प्रकार आहे, त्यातही दोघं शेजारी-शेजारी दोन वेगळ्या ट्रॅम्पोलिनवर उडतात. आयुष्य यात घातलेली माणसं एकत्र उडत नाहीत.

म्हणजे अट एकच उरली. एका वेळी एकच पोर, कोलांटी नाही, आणि सहाच्या आतलं पोर अजिबात नाही. माती, वारा, ऊन याचा बंदोबस्त मी करू शकत होतो. आता प्रश्न होता, ही अट आमच्या घरात पाळली जाईल का?

आमच्या घरात पोर कधी एक नसतं. आखाजीला मोठी ताई शिरपूरहून येते, धाकटी भुसावळहून. त्यांची पोरं, शेजारची पोरं, गल्लीतली पोरं. अंगणातल्या निंबाला झोका बांधला जातो, बहिणी गाणी म्हणतात, दुपारी आमरस होतो, आणि पोरांचा नुसता धिंगाणा असतो. मला तो धिंगाणा हवा आहे. आमच्या घराचं ते वैभव आहे असं मी मानतो. त्या गर्दीत मी "एकेकानेच उडा रे" असं सांगायचं, बाकीच्या आठ-नऊ पोरांनी रांगेत बसून बघायचं, आणि हे रोज, दोन-तीन आठवडे? सांगणारं माणूस दिवसभर तिथे उभं हवं. मी दुकानात. मनीषा शाळेत शिकवते, सुट्टीत पाहुण्यांच्या स्वयंपाकात. उरले आई आणि नाना.

नानांना विचारलं तर म्हणाले, "पोरं उड्या मारतीन, पडतीन, उठतीन. इतला काय विचार करस?" नानांचं वय पंच्याहत्तर, गुडघ्याला पट्टा. त्यांनी पाच पोरं वाढवली, त्यांच्या बोलण्याला मी किंमत देतो. निंबावरून पडणाऱ्या पोराबद्दल ते बोलत असतील तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण निंबावरून पडणारं पोर स्वतःच्या वजनाने पडतं. इथे मोठ्या भावंडाचं वजन लहानाच्या पायात जातं, आणि मोठ्याला ते कळतही नाही. चिऊच्या उडीने दादूचा पाय मोडला तर त्या पोरीला काय वाटेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

आई मात्र लगेच म्हणाली, "या इतल्या पोरेस्ना मांगे मी कितली पळू?"

चिऊला मी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांचा कागद दाखवला. तिने तो नीट बघितला, रेघ कुठे आहे ते स्वतःच्या पायावर बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही गेट बनवता. दादू आत येणार नाही असं गेट बनवा."

याला उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण मुद्दा बरोबर होता. मी खरोखर कागदावर ते गेट काढलं. सहा फूट उंच, पाइप सगळे उभे, आडवा एकही नाही म्हणजे दादूला पाय टेकवायला जागा नाही, दोन पाइपांमध्ये साडेतीन इंच, कडी बाहेरून आणि वर. दादू आमच्या कंपाउंडच्या गेटवर चढतो ते आडव्या पट्टीमुळे, तेव्हा तीच चूक इथे नको. लोखंडाचा खर्च काढला. गेट होण्यासारखं होतं. मनीषाला दाखवलं. ती कणीक मळत होती, तिने कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "गेट तुम्ही चांगलंच बनवाल हो. पण चिऊ आत उड्या मारतेय, दादू बाहेर गज धरून रडतोय, आणि आई शेजारी बसल्यात. किती वेळ?"

मला ते चित्र डोळ्यांसमोर जसंच्या तसं दिसलं. दादूच्या डोळ्यांतून पाणी, आणि आईचा आवाज: "जाऊ दे व माय त्याले, रडी राहिना." आई हे म्हणणारच. तिने आम्हाला पाचही भावंडांना असंच वाढवलं, कोणाला एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही असं तिने कधी केलं नाही. रडणाऱ्या चार वर्षांच्या नातवाला बाहेर उभं ठेवा, असं मी तिला सांगायचं आणि तिने ते दोन वर्षं रोज पाळायचं? असं करायला लावणं मला क्रूर वाटतं, तिच्याशीही आणि दादूशीही. कडी उघडली जाईल. प्रेमानेच उघडली जाईल.

म्हणून ठरवलं, आत्ता घ्यायचं नाही. दादू सहाचा पूर्ण होईल तेव्हा घ्यायचं. तेव्हा तो आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकलेला असेल, त्याचं हाड जरा पक्कं झालेलं असेल, आणि चिऊ अकरा वर्षांची, स्वतः नियम सांभाळणारी असेल. आखाजीच्या गर्दीत तेव्हाही ते बंद राहील, जाळी उतरवलेली असेलच. तेवढे दिवस पोरांना झोका आहे.

चिऊला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री मनीषाला म्हणाली, "तोपर्यंत मी मोठी होऊन जाईन." ते ऐकून मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतंय. नऊ वर्षांच्या पोरीचं दोन वर्षं थांबणं आणि माझं दोन वर्षं थांबणं यांची बरोबरी होत नाही. लहान भावामुळे मोठ्या बहिणीने थांबायचं, हे आपल्या घरांतून मुलींना जरा जास्तच ऐकावं लागतं, तेही मला कळतं. म्हणून नुसतं नाही म्हणून मोकळं व्हायचं नव्हतं.

मी तिला विचारलं, तुला उडी मारायला आवडते की वर जायला? ती म्हणाली, वर गेल्यावर पोटात होतं ते. मग कंपाउंडच्या भिंतीलगत लांब उडीचा खड्डा करायला घेतला. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, फूटभर खोल, खाली मुरूम, वर जवळजवळ एक ब्रास वाळू. धावायला घराच्या बाजूची बोळ आहे, ती गेटपर्यंत लांब जाते. उडी मारायची फळी मी सागाची घातली, जमिनीशी सपाट. तिच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडमनी पाय कसा टाकायचा ते दाखवायचं कबूल केलंय. दादूसुद्धा धावतो आणि वाळूत पडतो, आणि त्याच्या पडण्याने कोणाचं काही बिघडत नाही. खड्ड्याला ट्रॅम्पोलिनची सर नाही, हे मला माहीत आहे आणि चिऊलाही. रात्री वाळूवर ताडपत्री टाकायची मात्र आठवण ठेवावी लागते, नाहीतर गल्लीतली मांजरं तिथे उकरतात. दिवाळीला आणि उन्हाळ्यात चार दिवस नाशिकला पाठवायचं हेही ठरलंय, मामाला सांगून ठेवलंय की ती उडत असताना सोबत दुसरं कोणी चढवायचं नाही आणि एक मोठं माणूस शेजारी उभं राहील.

दोन वर्षांत करायची कामंही काढून ठेवली आहेत. सर्व्हिस वायर अंगणावरून काढून भिंतीच्या कडेने घ्यायची, त्यासाठी महावितरणकडे अर्ज करायचा. या पावसाळ्याआधी पेडेस्टलसाठी खोदून काँक्रीट भरून ठेवायचं, म्हणजे दोन पावसाळ्यांत ते कुठे हलतं का ते समजेल. आणि घ्यायचं ते दहा-बारा फुटी नाही, आठ फुटी घ्यायचं. बारा फुटी बघितलं की पोरांना वाटतं अजून दोघं मावतील. आठ फुटीवर एक पोर उडायला लागलं की दुसऱ्याला जागाच दिसत नाही. पाइपाची भिंत दीड एमएमच्या खाली नको, आणि स्प्रिंगा जितक्या लांब मिळतील तितक्या.

खान्देशात कोणाच्या अंगणात ट्रॅम्पोलिनने दोन पावसाळे काढले असतील, तर मला तीन गोष्टी कळवा: पाय काळ्या मातीत किती खचले, जाळी कितव्या उन्हाळ्यात फाटली, आणि वेल्डिंगच्या जोडांवर गंज आला का. जोडाचा फोटो काढून पाठवलात तर फारच उपयोग होईल.